रुपयाचा प्रश्न आणि डिजिटल रुपया

डोंबिवली स्टेशनबाहेर भाजीवालीसुद्धा आता मोबाईलवर पैसे घेते. हाच डिजिटल रुपया, असा पुष्कळ बंधू-भगिनींचा समज आहे; बँकेच्या काउंटरवर मला तो नेहमी ऐकू येतो. यूपीआयने फक्त बँकेतील ठेव या खात्यातून त्या खात्यात जाते. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून लोकांसाठी प्रायोगिकरीत्या आणलेला ई-रुपया मात्र नोटेप्रमाणे खुद्द रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. त्यावर व्याज नाही.

‘मूकनायक’ काढणारे, पुढे व्हायोलिन शिकणारे बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात त्यांनी सांगितले की, चलन किती काढावे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्यास पक्की मर्यादा हवी. कारण रुपयाची खरेदीशक्ती घटली की भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

बिटकॉइनला मर्यादा आहे, २ कोटी १० लाख नाण्यांची. पण त्याचे मोल रोज वरखाली होते. त्यात मजुरी ठरवायची कशी? ई-रुपयाचे मोल नोटेइतकेच. डाळ महागली की तोही नोटेबरोबरच घटतो.