सरकारी कंत्राट आणि मजुराची मजुरी

आपले चऱ्होली गाव सन १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. रस्ते, गटारे इत्यादी सार्वजनिक कामे बहुधा कंत्राटाने दिली जातात, व ज्याचे टेंडर सर्वांत कमी त्यास काम मिळते, हे तुम्ही ऐकलेच असेल. परंतु टेंडर कमी होते कसे, याचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय?

समजा, एका कामात सामानास ६० रुपये, मजुरीस ३० व नफ्यास १० रुपये धरले. दुसरा कंत्राटदार तेच काम ९० रुपयांत पत्करतो. सिमेंटवाला त्याच्यासाठी भाव उतरवीत नाही. नफा सोडण्यास तो स्वतः राजी नसतो. तेव्हा उणे झालेले १० रुपये मजुरीतूनच निघावयाचे. म्हणजे मजुराच्या तीन भाकरींतील एक गेली. शिवाय जो कंत्राटदार प्रामाणिकपणे मजुरी देऊ इच्छितो, त्यास काम मिळतच नाही. हे जाणूनच इंग्लंडच्या कॉमन्स सभेने सन १८९१ मध्ये, सरकारी कंत्राट घेणाराने त्या धंद्यातील रूढ मजुरी दिली पाहिजे, असा ठराव केला. (तो सन १९८३ मध्ये रद्द झाला.)

आपल्याकडे जोतीराव फुले हे स्वतः कंत्राटदार होते. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या गृहस्थांनी खडकवासल्याच्या धरणास सामान पुरविले, आणि इंजिनीयर खात्यातील कामांवर गोरगरीब कसे नागवले जातात हे लिहून ठेवले. पुढे मजूरमंत्री असता डॉ. आंबेडकरांनी सन १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. सन १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला, व त्यात रस्ते, इमारती आणि खडी फोडण्याचे कामही आले.

परंतु कायदा झाला म्हणजे मजुरी हाती पडली असे नव्हे. दिल्लीस सन १९८२ च्या आशियाई खेळांची बांधकामे चालू असता किमान मजुरी रोजी ९ रुपये २५ पैसे होती. कंत्राटदार ती मुकादमाकडे देई, मुकादम रुपया कापून घेई, व मजुराच्या हाती सव्वाआठ येत. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, किमान मजुरीहून कमी देऊन घेतलेले काम ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय, आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून सरकारास मोकळे होता येणार नाही.

एक रुपया! पुष्कळांस ही रक्कम क्षुल्लक वाटेल. मागे एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे एक कागद वाचून घेण्यास आले होते. त्यात पुरी मजुरी पोचल्याची कबुली होती. आकडा हाती आलेल्या रकमेहून बराच मोठा, आणि खाली त्यांचा अंगठा.

सन १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मजुरी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीसमक्ष वाटावी असे ठरविले, आणि कंत्राटदाराने ती बुडविल्यास मुख्य मालकाने देऊन त्याजकडून वसूल करावी असेही सांगितले. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली असली, तरी बुडालेल्या मजुरीची ही जबाबदारी कायम आहे. सबब पालकांस विनंती की, कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी आकडा आपल्या मुलाकडून वाचून घ्यावा. इयत्ता पाचवीच्या मुलासही तो वाचता येतो.