हातातले खेळयंत्र

दुसरबीडसारख्या बुलढाणा जिल्ह्यातील गावातही आज मुले मोबाईलवर खेळताना दिसतात. बोलणे, पाहणे, खेळणे ही सारी कामे एकच यंत्र करीत असता, केवळ खेळासाठी निराळे यंत्र कोण घेईल?

जपानमधील निन्टेन्डो कंपनीचे गुनपेई योकोई यांनी १९८० साली तळहातावर मावणारे खेळयंत्र बनविले. १९८९ साली त्यांच्या देखरेखीखाली ‘गेम बॉय’ तयार झाला. त्याचा पडदा रंगीत नव्हता. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते. परंतु त्यांना वीज फार लागे. गेम बॉय ४ साध्या सेलांवर कितीतरी तास चाले, म्हणून तोच अधिक खपला.

२००७ साली आयफोन आला. आता अशा यंत्रांचे दिवस सरले, असे अनेकांना वाटले. तथापि, २०१७ साली निघालेल्या ‘निन्टेन्डो स्विच’चे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. याचे कारण काय? मोबाईलच्या काचेवर खेळताना अंगठ्यानेच चित्र झाकले जाते. ऐन रंगात कोणाचा तरी फोन येतो. खेळयंत्राला मात्र खरीखुरी बटणे असतात. ती न पाहताही बोटांना सापडतात.

सर्व कामे करणारे साधन उपयुक्त खरे. परंतु एकच काम उत्तम करणाऱ्या साधनाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.