टिप्सी म्हणजे किती?

मालवण,
२० डिसेंबर

चि. बाबू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. जेवणाआधी पेग घेतलेला पाहुणा 'जस्ट टिप्सी' आहे म्हणाला आणि होडी काढायचा हट्ट धरून बसला. तू मला त्या शब्दाचा अर्थ विचारतोस. एकतीस तारीख तोंडावर आहे, तारकर्लीत खोली मिळायची नाही, असे पाहुणे आणखी येतील, तेव्हा अर्थ आत्ताच समजून घे.

इंग्रजीत 'टिप' म्हणजे एका अंगाला कलणं, उलंडणं. त्यावरून सोळाव्या शतकात 'टिप्सी' आला. तोल जरासा गेलेला, तो टिप्सी. होडीला उलांडी कशाला बांधतात हे तुला सांगायला नको. टिप्सी माणूस म्हणजे उलांडी सुटलेली होडी. अजून पाण्यावर आहे, एवढंच.

आपल्या भाषेत त्याला जवळचं म्हणजे 'वायच चढली हा'. त्याच्या पुढचा 'ड्रंक'. आपला 'टाइट'सुद्धा इंग्रजांचाच, पण तो आता इतका घरचा झालाय की कुणी पाहुणा समजत नाही. वापरातली खूण मात्र लक्षात ठेव. 'ड्रंक' बहुधा दुसऱ्याला म्हणतात, 'टिप्सी' माणूस हसत स्वतःला म्हणवतो. ज्याची परीक्षा, त्यानेच घातलेले गुण ते! म्हणून कायद्याने विशेषण धरलं नाही, आकडा धरला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. तुझ्याकडे ते मोजायचं यंत्र नाही. तेव्हा तुझा आकडा शून्य. ग्लासाला हात लागला की त्या दिवशी पाण्याला पाय लागायचा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी देवबागच्या संगमावर 'वायच घेतलंय' म्हणत मीही होडीत चढलो होतो. ओहोटीला कर्लीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि वल्हं कुठल्या अंगाला मारायचं तेच मला सुचेना. तांडेलाने मानगूट धरून खाली बसवलं, म्हणून आज पत्र लिहितोय.

आता दुसरी गोष्ट. पाहुणा झोकांडला तर 'टिप्सी' आणि आपला खलाशी झोकांडला तर 'बेवडो', असं तुझ्याच तोंडून मी ऐकलंय. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यात पिऊन संसाराची राख करतो तो सुधाकर, वकील. तळीराम त्याचा कारकून. पण आज वर्तमानपत्रं थर्टी फर्स्टच्या बातमीत 'तळीरामांवर कारवाई' छापतात, 'सुधाकरांवर' कधी छापत नाहीत. शंभर वर्षांत वकील सुटला, कारकून अडकला. शब्द असा खिसा बघून चिकटतो. तू तसं करू नकोस.

पाहुण्याला 'नो' म्हणायला जड जात असेल तर 'टुमॉरो मॉर्निंग, सर' म्हण. आणि खलाशी तसाच येऊन उभा राहिला, तर त्यालाही तेवढ्याच मऊपणाने सांग, 'फाल्या सकाळी ये रे.'

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा