तळहाताचा भग्न : बल आणि खर्च

वेसावे कोळीवाड्यातील मच्छीमार हाताचे प्लास्टर निघाल्यावर आमच्याकडे येतो, तेव्हा हाड सांधलेले असते. परंतु जाळ्याचा दोर ओढण्याचे बल मुठीत नसते. पैशांअभावी फिजिओथेरपी मध्येच सुटलेली असते आणि हात कायमचा आखडण्याची भीती असते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तळहाताच्या भग्नात क्रमाने मातीचा गोळा, मीठ व बल आल्यावर पाषाण हातात धरावयास सांगितले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनुमतीनंतर हा चढत्या भाराचा व्यायाम घरीही विनाखर्च करता येतो. सुखोष्ण तेलाचा अभ्यंग त्यास साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

आरोग्यविम्याचा भर आंतररुग्ण उपचारांवर असतो. तथापि अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतील संबंधित खर्च मिळू शकतो. त्यासाठी फिजिओथेरपीचा लेखी सल्ला व प्रत्येक वेळची पावती जपून ठेवण्यास रुग्णास पहिल्याच भेटीत सांगावे. विमा नसल्यास महापालिकेच्या जुहू येथील कूपर रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

औषधालयचालकांनीही तेलाची दुसरी बाटली देण्यापूर्वी एवढेच विचारावे : व्यायाम चालू आहे ना?