परीक्षा नको घेऊस गं

अगं, हातातलं काम ठेव आणि पाच मिनिटं बस बघू. सासूबाई सकाळपासून सातव्यांदा ‘चहा झाला का’ विचारतायत, तुझा जीव मेटाकुटीला आलाय, कळतंय मला. त्यात आता स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ताई घरी येणार म्हटल्यावर परक्या बाईला हे सगळं कसं दाखवायचं, हा घोर वेगळाच.

खरं सांगू का, येऊ दे तिला. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलंय. स्मृतिभ्रंश असलेल्या ४१ जणांच्या घरी शिकवून तयार केलेले कार्यकर्ते सहा महिने, पंधरवड्यातून निदान एकदा जात. २००८ साली निष्कर्ष छापून आले. सगळ्यात ठळक फरक कुणाला पडला माहितेय? सांभाळणाऱ्यांना! त्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. म्हणजे बघ, ती ताई जितकी सासूबाईंसाठी येते, तितकीच तुझ्यासाठी.

आणि एक ऐक. मी माझ्या सासूबाईंना रोज फोटो दाखवून ‘हे कोण, ओळखा’ म्हणायचे. मला वाटायचं, डोक्याला चालना मिळेल. नाव आठवलं नाही की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या. पुढे पुढे फोटो दिसला की तोंडच फिरवायला लागल्या. फार चुकलं माझं. घरी येणाऱ्या ताईनं अल्बम मिटला आणि त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवली. बोटं झरझर चालायला लागली. पानं खुडता खुडता माहेरच्या मळ्याचं बोलल्या, विहिरीचं बोलल्या. कुणी काही विचारलंच नव्हतं!

विसरणं थांबेल अशी आशा मी तुला लावणार नाही. ब्रिटनमध्ये घरच्यांनीच आठवड्यातून तीनदा अर्धा तास अशा गप्पा, खेळ करून बघितले. आठवणीत फरक दिसला नाही, पण नात्यात गोडवा आला. मला विचारशील तर तेवढ्यासाठीही अर्धा तास काढावा.

सासूबाईंचं बी-१२, थायरॉइड तपासून घेतलंस ना? आणि कान? नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार! कुणाला विचारावं सुचलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

आणि हो, ताई आली की चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळू नकोस. तिच्याशेजारी बस आणि आधी तुझ्या झोपेचं सांग.