पुंज-संगणकाची तोंडओळख

पावसाळा सरून इंद्रायणीचें पाणी निवळलें म्हणजे कामशेतच्या कांठावर एक साधा प्रयोग करून पहावा. एखाद्या संथ डोहांत थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाकावे. दोहोंपासून लाटांचीं वर्तुळें निघतात. जेथें उंचवट्यास उंचवटा मिळतो तेथें पाणी अधिक उंच चढतें; जेथें उंचवट्यास खळगा मिळतो तेथें तें जवळजवळ स्थिर राहतें. ह्यास व्यतिकरण म्हणतात. पुंज-संगणक ह्या नव्या यंत्राचें मर्म ह्याच खेळांत आहे.

आपल्या नेहमींच्या संगणकांत माहितीचा लहानांत लहान अंश म्हणजे ‘बिट’. घरांतील दिवा लागलेला तरी असतो, नाहींतर विझलेला. तशी बिटाची किंमत एक किंवा शून्य असते. परंतु इलेक्ट्रॉन, प्रकाशकण अशा अतिसूक्ष्म पदार्थांचे नियम निराळे आहेत. त्या नियमांनीं चालणाऱ्या अंशास ‘क्यूबिट’ म्हणतात. मोजण्यापूर्वीं तो शून्य व एक ह्या दोन्ही स्थितींच्या मिश्रणांत राहूं शकतो. हें अध्यारोपण होय. मोजमाप केलें कीं मात्र शून्य किंवा एक असें एकच उत्तर मिळतें, आणि पूर्वीची मिश्र स्थिति नाहींशी होते.

हें कार्य आपल्या प्रांतांतही चाललें आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्यांतील संरक्षण-संशोधन खात्याची पुंज-तंत्र प्रयोगशाळा ह्यांनीं, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्यानें, सहा क्यूबिटांच्या यंत्राची परीक्षा पार पाडल्याचें ऑगस्ट २०२४ मध्यें जाहीर झालें. ह्या यंत्रांतील क्यूबिट म्हणजे अतिवाहक धातूचीं सूक्ष्म विद्युत्-मंडलें. तीं उणें २७३ अंश सेल्सियसच्या अगदीं लगत थंड ठेवावीं लागतात. कारण किंचित् उष्णतेनेंही अध्यारोपण मोडतें.

आतां येथें पुष्कळांची एक चूक होते. सहा क्यूबिटांत दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ पर्याय एकाच वेळीं सामावतात; तेव्हां यंत्र ६४ उत्तरें एकदम देतें, असें ते समजतात. तसें नाहीं. मोजल्यावर हातीं येतात ते सहाच अंक. चौसष्टांपैकीं कोणतें उत्तर यावयाचें हें दैवावर सोडलें, तर एवढ्या खटाटोपापेक्षां फांसे टाकणें काय वाईट? म्हणून गणित अशा कौशल्यानें मांडावें लागतें कीं, चुकीच्या उत्तरांच्या लाटा परस्परांस मारतील व बरोबर उत्तराच्या लाटा परस्परांस उचलून धरतील. प्रत्येक प्रश्नास अशी मांडणी सांपडलेली नाहीं.

जेथें सांपडली, त्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ६१ गुणिले ५३ म्हणजे ३२३३, हें पाटीवर क्षणांत होतें. पण ३२३३ चे अवयव काढावयास बसा, म्हणजे वेळ किती लागतो तें कळेल. संख्या शेंकडों अंकांची असेल तर मोठमोठे संगणकही थकतात, आणि बँकांच्या व्यवहारांची गुप्तता बऱ्याच अंशीं ह्याच अवघडपणावर उभी आहे. १९९४ सालीं अमेरिकन गणिती पीटर शोर ह्यांनीं पुंज-संगणकानें हे अवयव त्वरेनें काढण्याची रीत दाखविली. त्यास सहा क्यूबिट मुळींच पुरणार नाहींत. तरीही उद्यांच्या भीतीनें गणिती लोक आजच नवीं कुलुपें घडवीत आहेत.

‘हें यंत्र सर्व उत्तरें एकदम देतें’ असें कोणी सांगूं लागला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. त्यास डोहाकांठीं न्यावें, आणि दोन खडे टाकून दाखवावे.