ऐपत ठरवताना : निर्धन रुग्णाच्या कुटुंबाचा अभ्यास

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात किती रुग्णांना किती रकमेची सवलत दिली याचे तक्ते असतात. तसे ते या अहवालातही अन्यत्र दिलेले आहेत. परंतु ती सवलत कोणाला द्यावयाची हे ठरते कसे, हे तक्त्यांतून कळत नाही. आमचे देणगीदार आणि हितचिंतक भेटीस आले की बहुधा हाच प्रश्न विचारतात : ‘खरा गरजू तुम्ही ओळखता कसा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून यंदा समाजसेवा विभागाच्या कामाचा हा भाग थोडा विस्ताराने मांडत आहोत.

रुग्णालयात समाजसेवक असावा ही कल्पना दोन वेगळ्या हेतूंतून जन्माला आली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली, ती मुख्यतः पैसे देण्याची ऐपत असूनही फुकट उपचार घेणाऱ्यांना वेगळे काढण्यासाठी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजसेवा विभाग सुरू केला, त्यामागचा विचार निराळा होता. रुग्णाचे घर, त्याचे काम, त्याचे जेवणखाण ठाऊक नसेल तर दिलेले औषध लागू पडेलच असे नाही, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. लंडनची आणि बॉस्टनची अशा दोन्ही परंपरा आजही प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवकाच्या टेबलावर एकत्र नांदतात. त्याने निधीची राखणही करावयाची असते आणि रुग्णाची बाजूही घ्यावयाची असते. या दोहोंत ओढाताण आहे, आणि ती असणारच.

महाराष्ट्रात या कामाला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. निर्धनांवर मोफत, तर दुर्बल घटकांवर सवलतीच्या दराने उपचार होतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवण्यात आली. २०२३ मधील वाढीनंतर निर्धनांसाठी ती वार्षिक १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये झाली. पुराव्यादाखल तहसीलदारांचा दाखला अथवा शिधापत्रिका घेतली जाते. तातडीच्या रुग्णाला कागदपत्रांसाठी थांबवावयाचे नसते. आधी दाखल करून जीव वाचविण्याचे उपचार द्यावयाचे आणि चौकशी नंतर करावयाची, हे या योजनेतील अत्यंत शहाणपणाचे कलम आहे, असे आम्ही मानतो.

नियम एवढा स्पष्ट असता समाजसेवकाचे काम तरी काय उरते, असे कोणी विचारील. कागद पाहावा आणि शिक्का मारावा! परंतु वार्षिक १,८०,००० म्हणजे दरमहा १५,००० रुपये. हे १५,००० तीन माणसांच्या घरात येतात की आठ माणसांच्या, हे मर्यादा विचारीत नाही. मर्यादेच्या हजार रुपये खाली असलेला पूर्ण मोफत उपचारांस पात्र ठरतो. हजार रुपये वर असलेल्याला औषधे व साहित्याच्या खर्चाचा निदान निम्मा वाटा उचलावा लागतो. कोठेतरी रेघ ओढावीच लागते हे आम्हांस मान्य आहे. तथापि रेघेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे सारखीच असतात, याचे भान ठेवणे हे खिडकीवर बसणाऱ्याचे काम आहे.

पुढील तीन उदाहरणे कोणा एका कुटुंबाची नाहीत. विभागात वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून ती अभ्यासासाठी रचलेली आहेत.

पहिले ऊसतोड जोडप्याचे. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून त्यांनी एक लाख रुपये उचल घेतली. कागदावर हे उत्पन्न दिसते. वास्तविक ते कर्ज आहे, आणि हंगामभर ऊस तोडून ते फेडावयाचे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जानेवारीत नवऱ्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली की एकटीने कोयता चालत नाही. कामावर न गेलेल्या दिवसांचा खाडा कापला जातो आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे रुग्णालयाने देयक शून्य केले, तरी हे कुटुंब पुढल्या वर्षाचे श्रम आधीच गहाण टाकून घरी जाते. त्यात मूळ गाव एका जिल्ह्यात आणि कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात. उत्पन्नाचा दाखला आणावयाचा तर कोणीतरी दोन दिवस मोडून गावी जावयाचे. जाणार कोण? रुग्णाजवळ बसलेली एकटी बायकोच ना! अशा वेळी गावच्या ग्रामपंचायतीशी किंवा तहसील कार्यालयाशी दूरध्वनीवरून बोलून कागद कसा मिळेल हे पाहणे समाजसेवकाचे काम ठरते. आमच्या मते, कागद आणता न येणे हेच कित्येकदा निर्धनतेचे पहिले लक्षण असते.

दुसरे उदाहरण शहरातील रिक्षाचालकाचे. शिधापत्रिका पांढरी. वडिलोपार्जित एक खोली आहे. गेल्या वर्षीचा दाखला २,४०,००० रुपयांचा. दरम्यान मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झाले. एका वेळेस चार तास यंत्रावर जातात, आणि येणेजाणे व नंतरचा थकवा धरला तर दिवस संपतोच. रिक्षा आठवड्यातून तीन-चार दिवस उभी राहते, कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाही. उत्पन्नाचा दाखला नेहमी मागच्या वर्षाकडे पाहतो आणि आजार नेहमी पुढच्या वर्षावर येतो. दुखणे हेच गरिबीचे कारण झाले असेल, तर दुखण्यापूर्वीचे उत्पन्न पाहून काय कळणार? म्हणून ‘गेल्या वर्षी किती मिळाले’ याच्या जोडीला ‘गेल्या महिन्यात किती मिळाले आणि पुढील सहा महिने किती मिळेल’ हे विचारावे लागते. निर्धन रुग्ण निधीला दाखल्याचीच मर्यादा लागू असल्याने, अशा कुटुंबाला शासकीय योजनेचा किंवा देणगीतून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र निधीचा आधार शोधावा लागतो. आमच्या देणगीदारांना आम्ही आवर्जून सांगतो की अटींविना दिलेली देणगी इथे कामी येते.

तिसरे उदाहरण ‘कुटुंब म्हणजे कोण’ या प्रश्नाचे. शिधापत्रिकेवर चार भावांची नावे एकत्र, चुली मात्र चार. धाकट्याची विधवा आपल्या दोन मुलांसह मागच्या पडवीत राहते. पत्रिकेवरील एकत्रित उत्पन्न पाहता ती सधन घरची ठरते. प्रत्यक्षात थोरल्या दिराने ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून हात झटकलेले असतात. अशा वेळी शिधापत्रिकेपेक्षा चूल हे एकक धरावे असे आमचे मत आहे. कोणाच्या पैशाने धान्य येते आणि कोण एका भांड्यातले जेवते, एवढे कळले की कुटुंब कळते. याच्या उलटही घडते. शिधापत्रिका स्वतंत्र असते, पण पाठीशी परगावी नोकरी करणारा कर्ता मुलगा असतो. तेथे त्या मुलाशी बोलणे निधीच्या राखणीसाठी आवश्यक असते, आणि बहुतेक मुले बोलावल्यावर येतात.

या तिन्ही ठिकाणी खरी माहिती मिळते ती संभाषणातून. ‘तुमचे उत्पन्न किती?’ असा थेट प्रश्न विचारला की उत्तर बहुधा एक आकडा येतो आणि तो आकडा समोरच्याला काय ऐकावयाचे आहे यावर ठरलेला असतो. त्याऐवजी वाण्याचे खाते किती झाले, घरात गहाण काय आहे, मुलांची शाळा सुरू आहे का, रुग्णाबरोबर कोण आले आणि त्यामुळे कोणाचा रोज बुडतो आहे, असे विचारले की चित्र आपोआप उभे राहते. शाळा सोडलेली मुलगी ही कित्येक कागदांपेक्षा बोलका पुरावा असते. विचारण्याची जागाही महत्त्वाची. रोखपालाच्या खिडकीसमोर, रांगेत मागे दहा माणसे उभी असताना, कोणता स्वाभिमानी शेतकरी सांगेल की बायकोचे मंगळसूत्र मोडून आलो? एक खुर्ची, एक बंद होणारे दार आणि पंधरा मिनिटे एवढेच भांडवल लागते. आपल्या समाजात हात पसरणे ही मोठी नामुष्की समजली जाते. जे मोठ्याने मागतात त्यांना मिळते आणि जे भिंतीशी गप्प बसतात ते राहून जातात, असे होऊ नये म्हणून समाजसेवकाने वॉर्डातून फिरले पाहिजे. टेबलावर बसून निम्मीच माणसे भेटतात.

वेळेचे महत्त्व तर याहून अधिक. मूल्यमापन देयक हाती पडल्यावर करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. तोवर शेळ्या विकल्या गेलेल्या असतात, सावकाराकडून शेकडा पाचाने पैसे आलेले असतात, किंवा नातेवाईक उपचार अर्धवट टाकून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ रुग्णाला घरी घेऊन जातात. रुग्णालयीन भाषेत याला ‘डामा’ म्हणतात आणि केसपेपरवर ही एका ओळीची नोंद होते. त्या ओळीमागे पुष्कळदा वैद्यकीय कारण नसते, खर्च किती होणार हे कोणी न सांगितल्याची भीती असते. म्हणून दाखल झाल्यापासून २४ तासांत अंदाजे खर्च सांगणे आणि कुटुंबाची पहिली भेट घेणे, या दोन गोष्टींना आम्ही सवलतीच्या रकमेइतकेच महत्त्व देतो.

मदतीचा क्रम ठरविण्यातही विचार लागतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ मधील शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. रुग्णालय योजनेत असेल आणि उपचार तिच्या यादीत बसत असेल, तर प्रथम तेथे जावे म्हणजे निर्धन रुग्ण निधी यादीबाहेरच्या रुग्णासाठी शिल्लक राहतो. त्यानंतर निर्धन रुग्ण निधी, मग मुख्यमंत्री सहायता निधी आणि खासगी न्यास. क्षयरुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेची रक्कमही पाहावी. ती नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. अर्ज भरणे हे सुशिक्षितालाही कंटाळवाणे काम, तेव्हा पाच ठिकाणचे पाच अर्ज एकाच माहितीवरून एकाच बैठकीत भरून देणे ही स्वतःच एक मोठी मदत आहे.

देयकाबाहेरचा खर्च मात्र कोणत्याच योजनेत नीट मावत नाही. सोबत्याचे जेवण, एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज, घरी एकट्या राहिलेल्या म्हातारीची सोय! मुंबईत गाडगेबाबांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या धर्मशाळांचे मोल अशा वेळी कळते. कर्करोगाच्या उपचारांसाठी परगावाहून महिनोन् महिने येणाऱ्या कुटुंबांना तेथे आसरा मिळतो. बाबा १९५६ साली गेले. रुग्णाच्या नातेवाईकाला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना कोणत्याही अहवालाविना समजले होते.

घरी सोडतानाच्या कागदावर औषधांची यादी असते. त्या यादीतील कोणती औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतील, कोणती विकत घ्यावी लागतील आणि त्यांना दरमहा किती लागतील, हे आमच्या विभागातर्फे त्याच कागदाच्या मागे मराठीत लिहून दिले जाते. फेरतपासणीची तारीख शक्यतो बाजाराच्या किंवा पगाराच्या दिवसाला लागून घेतली जाते. तारखेला रुग्ण आला नाही, तर तिसऱ्या दिवशी दूरध्वनी केला जातो आणि पहिला प्रश्न प्रकृतीचा नसून गाडीभाड्याचा असतो.